फ्रिजची पाठ

नव्या फ्रिजबरोबर एक पुस्तिका येते आणि ती कुणी वाचत नाही. चंद्रपुरात मात्र मे महिन्याच्या दुपारी माणूस काहीही वाचतो. खिडकीत कुलर घरघरत असतो, पडदे ओढलेले असतात, बाहेर जटपुरा गेटपर्यंतचा रस्ता कुणीतरी अर्ध्यात सोडून दिलेल्या वाक्यासारखा पडलेला असतो, आणि सकाळचं वर्तमानपत्र छोट्या जाहिरातींसकट संपलेलं असतं. अशा वेळी ती पुस्तिका उघडावी. स्क्रू कुठे बसवायचा आणि वॉरंटी कशाकशाने रद्द होते, या दोन चिंतांच्या मधोमध एक लहानसा तक्ता सापडतो. त्यात जगातल्या तमाम फ्रिजांच्या चार जाती सांगितलेल्या असतात. पहिली जात १० ते ३२ अंशांच्या हवेत सुखाने नांदणारी, दुसरी १६ ते ३२, तिसरी १६ ते ३८. चौथी सगळ्यांत काटक. तिच्यापुढे ‘टी’ हे अक्षर असतं आणि ती उष्ण कटिबंधासाठी खास घडवलेली असते. तिची मर्यादा ४३ अंश.

ही मानकं ठरवताना कुठल्याशा थंड सभागृहात बसलेल्या त्या भल्या माणसांनी पृथ्वीवरच्या उकाड्याचा अगदी शेवटचा टप्पा डोळ्यांसमोर आणला असेल, आणि तो त्यांना ४३ वर दिसला. आमच्याकडे ४३ अंश म्हणजे ‘आज जरा बरं आहे’ असं एकमेकांना सांगण्याचा दिवस. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ तापलेले दिवस, लागला की पारा ४६-४७ वर सहज जाऊन बसतो. २०१९च्या मे अखेरीस तो ४८ च्या आसपासही जाऊन आला. म्हणजे चंद्रपूरचा फ्रिज उन्हाळाभर त्या तक्त्याच्या बाहेर, समासात राहतो. त्याच्या कर्तव्याची जिथे अधिकृत समाप्ती होते तिथून त्याचा आमच्याकडचा दिवस सुरू होतो. एवढं कळल्यावर त्याच्याकडे बघण्याची माझी नजरच बदलली. रात्री दोन वाजता तो स्वयंपाकघरात थरथरून थांबतो तेव्हा मला वाटतं, आता हा एक सुस्कारा टाकणार आणि म्हणणार, ‘माझ्या करारात हे नव्हतं.’

आमच्या कुटुंबातला पहिला फ्रिज काकांच्या घरी आला, पठाणपुऱ्यात, किल्ल्याच्या तटाच्या आतल्या गल्लीत. १६५ लिटरचा, एका दाराचा, फिकट निळा. आला तेव्हा तो स्वयंपाकघरात जाईल असं कुणाच्या मनातही आलं नाही. तो बैठकीत बसला, पाहुण्यांच्या समोर, टीव्हीच्या शेजारी. काकूंनी त्याच्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल घातला, त्यावर प्लास्टिकची फुलं ठेवली आणि मुठीला एक छोटा नॅपकिन बांधला, कारण हाताच्या घामाने मूठ काळी पडते. दाराला कुलूप होतं. किल्ली काकूंच्या कमरेला असे आणि बर्फाचा ट्रे काढायची वेळ झाली की गल्लीतली पोरं हातात वाट्या घेऊन ओट्यावर रांगेत बसत. मीही त्यात असे. तो बर्फ आम्ही खात नसू. गालाला लावत असू, मानेवर ठेवत असू, एकमेकांच्या सदऱ्यात टाकत असू, आणि तो विरघळला की वाटीच्या तळाशी उरलेलं पाणी तीर्थासारखं पिऊन टाकत असू.

काका शाळेत विज्ञान शिकवायचे आणि घरी आल्यावरही शिकवणं थांबवायचे नाहीत. फ्रिज आल्यावर त्यांनी पहिल्याच संध्याकाळी जमलेल्या मंडळींना सांगून टाकलं की हे यंत्र थंडी तयार करत नाही. थंडी नावाची वस्तूच जगात नाही. आत ठेवलेल्या दुधातली, भाजीतली उष्णता हे यंत्र उचलतं आणि मागच्या काळ्या जाळीतून बाहेर टाकतं, एवढंच. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे घरातला कचरा काढायचा न् घराच्याच मागच्या कोपऱ्यात नेऊन टाकायचा. मग त्यानं केलं काय जी?’ काकांना याचं उत्तर देता आलं नाही. मला वाटतं, आजवर कुणालाच नीटसं देता आलेलं नाही.

काकांच्या शिकवणीचा एक उपयोग मात्र झाला. आम्ही पोरं दुपारी काकूंची पाठ वळली की फ्रिजचं दार उघडून त्याच्यासमोर मांडी घालून बसायचो. पायांवर धुक्यासारखं काहीतरी उतरायचं आणि क्षणभर आपण महाबळेश्वरला आहोत असं वाटायचं. काकांनी आम्हांला समजावलं की दार उघडं ठेवून खोली थंड होणार नाही, उलट तापेल. पुढून जेवढी उष्णता उचलली तेवढी मागून खोलीतच पडते आणि वर कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेची उष्णता तिच्यात मिसळते. समोर बसलेल्याला गार वाटतं ते मागे बसलेल्याच्या जिवावर. आमच्या मागे त्या वेळी फक्त भिंत होती, म्हणून आम्हांला काही वाटलं नाही.

त्या पहिल्याच उन्हाळ्यात फ्रिज थकला. ‘टक्’ असा आवाज करून बंद पडायचा, अर्ध्या तासाने पुन्हा हिंमत धरायचा, पुन्हा ‘टक्’. गांधी चौकाकडून मेकॅनिक आला. त्याने फ्रिज भिंतीपासून ओढला, डोक्यावरचा क्रोशाचा रुमाल अदबीने उचलून काकूंच्या हाती दिला आणि म्हणाला, ‘भाऊ, मशीनले काही झालं नाही. याले मागून हवा पायजे.’ मग घरातला एकुलता एक टेबलफॅन फ्रिजच्या मागे गेला. कुलर शेजारच्या खोलीत. बैठकीत आम्ही माणसं पुठ्ठ्याने वारा घेत बसलेलो आणि फ्रिज मात्र पाठीवर पंखा घेऊन एखाद्या सरंजामदारासारखा बसलेला. महिनाअखेरीस काकांनी हिशेब केला. पंख्याने जवळजवळ फ्रिजइतकीच वीज खाल्ली होती. रात्री झोपताना काकू दोन्ही बंद करायच्या. ‘त्यालेही जीव आहे ना जी, थोडा आराम पायजे.’ सकाळी दूध नासलेलं निघायचं. त्याचा खरवसासारखा कलाकंद करायचा आणि आम्ही तो आवडीने खायचो, त्यामुळे फ्रिजच्या विश्रांतीला घरात कधीच कुणी विरोध केला नाही.

पुढे मोठा झाल्यावर मला त्या ‘टक्’मागचं गणित कळलं आणि ते मला एखाद्या शोकांतिकेच्या पहिल्या अंकासारखं नेटकं वाटलं. फ्रिजच्या आत ४ अंश हवेत. पुण्याच्या डिसेंबरात बाहेर २५ असले तर आतबाहेरचं अंतर २१ अंशांचं. चंद्रपूरच्या मे महिन्यात बाहेर ४६, म्हणजे अंतर बेचाळीस, नेमकं दुप्पट. अंतर दुप्पट झालं की भिंतींमधून, दाराच्या रबरातून आत झिरपणारी उष्णता दुप्पट होते. ती दुप्पट उष्णता पुन्हा दुप्पट उंचीचा चढ चढवून बाहेर न्यायची, म्हणून प्रत्येक खेपेची मेहनतही दुप्पट. दुपटीची दुप्पट म्हणजे चौपट. आदर्श, निर्दोष, पुस्तकातल्या फ्रिजलाही यातून सुटका नाही. मग आपल्या घरच्या, दाराचं रबर सैल झालेल्या, वर रुमाल आणि मागे भिंत असलेल्या बापड्याचं काय सांगावं! त्याच्या दारावर चिकटवलेल्या तारे मोजून दाखवणाऱ्या लेबलावर, जे आपल्याकडे २००६ पासून आलं, वर्षाच्या युनिटांचा एक आकडा छापलेला असतो. तो आकडा प्रयोगशाळेच्या ठरलेल्या हवेतला. लग्नाच्या पत्रिकेतल्या मुहूर्ताइतपतच त्याच्यावर विश्वास ठेवावा.

तरीही खरं सांगायचं तर घरचा फ्रिज हा तसा अल्पाहारी प्राणी आहे. आजचा साधारण १९० लिटरचा एका दाराचा बरा फ्रिज बऱ्या हवेत वर्षाला दीडशे ते दोनशे युनिटं घेतो. दिवसाला अर्ध्या युनिटाच्या आसपास. पण युनिट हा शब्द फार सोवळा आहे, त्याला हात लावला तर हात काळे होत नाहीत. कोळशावर चालणाऱ्या केंद्रात एका युनिटामागे साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातला तो पांढरा, स्वच्छ, लिंबू आणि कोथिंबिरीचा वास असलेला फ्रिज वर्षाकाठी सव्वा क्विंटल कोळसा गिळतो. आणि तो कोळसा कुठे जळतो हे सांगायला मी चंद्रपूरकर असल्याने मला नकाशा लागत नाही. गच्चीवर गेलं की झालं.

दुर्गापूरचं महाऔष्णिक वीज केंद्र आज २,९२० मेगावॉटचं आहे. त्याच्या चिमण्या आमच्या क्षितिजावर देवळांच्या कळसांच्याही आधी दिसतात. शेजारी कोळशाच्या खाणी, पलीकडे इरई धरणाचं पाणी. कोळशात जेवढी उष्णता असते तिच्यातली ढोबळ मानाने एक तृतीयांशच वीज होऊन तारेत शिरते. उरलेली दोन तृतीयांश चिमणीतून आणि पाणी गार करणाऱ्या मनोऱ्यांतून इथल्याच आकाशात सोडून दिली जाते. जी वीज होते तिच्यातली बरीचशी दूर जाते. १९९९ साली चंद्रपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ५०० किलोव्होल्टची एक खास वाहिनी सुरू झाली. ७५२ किलोमीटर लांब, १,५०० मेगावॉट वाहून नेणारी. ती कुठेही रेंगाळत नाही. वाटेत मराठवाडा येतो, नगर येतं, पण ती कुणाकडे चहालाही थांबत नाही. चंद्रपूरला बसायचं ते पडघ्यालाच उतरायचं.

त्या तारेखाली मी कधीमधी उभा राहतो आणि मला काकूंचा प्रश्न आठवतो. मुंबईत कुणीतरी रात्री जेवणानंतर फ्रिज उघडून श्रीखंडाचा डबा काढत असेल. त्याच्या फ्रिजची जाळी त्याच्या भिंतीकडे तोंड करून असेल, असं त्याला वाटतं. अलीकडच्या फ्रिजांना तर मागे जाळीही नसते, ती बाजूच्या पत्र्याआड लपवलेली असते. हात लावला तर पत्रा कोमट लागतो, इतकंच. पण फ्रिजची खरी पाठ एवढी जवळ नसते. ती साडेसातशे किलोमीटर लांब, इरईच्या काठावर असते आणि तिच्यावर एक अख्खं शहर राहतं. आमच्या उन्हाचं सगळं खापर केंद्रावर फोडणं बरोबर नाही. हे ऊन गोंड राजांच्या काळीही होतंच, समुद्रापासून इतक्या आत आलं की हवा अशीच तापते. तरी ज्या गावाने साऱ्या राज्याची उष्णता बाहेर टाकायचं काम पत्करलं आहे त्याच गावातला फ्रिज ‘टक्’ करून बंद पडावा, यात रुसण्यापेक्षा हसण्यासारखंच जास्त आहे. हलवायाच्या पोराला गोड आवडत नाही म्हणतात, तसलं काहीतरी.

पण हा प्रदेश फ्रिज येण्यापूर्वीही पाणी गार करत होता. काकूंच्या ओसरीत ओल्या वाळूच्या ढिगावर एक माठ बसलेला असे, त्याच्या अंगाभोवती ओलं फडकं, वर पितळी ताटली, ताटलीवर ओगराळं. त्या माठाचं गणितही काकांनी एकदा मांडून दाखवलं होतं. ४५ अंशांची हवा जर आमच्या मे महिन्यासारखी कोरडी असेल, दहा टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेची, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २१-२२ अंशांपर्यंत खाली उतरतो. माठ अगदी तिथवर पोचत नाही, पण सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवला तर पंचविशीपर्यंत येतो. म्हणजे बाहेरच्यापेक्षा वीस अंश खाली. ना तार, ना तारे, ना कॉम्प्रेसर. उन्हाचाच जोर वापरून तो उन्हाला हरवतो. जितकी लू जास्त तितका तो खुशीत. जुलैत पाऊस लागला, हवा ओलसर झाली की मात्र त्याची कला संपते. मग तो ओसरीच्या कोपऱ्यात, हंगाम संपलेल्या नटासारखा गप्प बसून राहतो आणि त्याच्या पोटात पाण्याऐवजी चिंच भरून ठेवतात.

हे सगळं मला पुन्हा नीट आठवलं ते पुण्याहून भाचा आला तेव्हा. त्याला ताडोबा बघायचा होता, आणि ताडोबा मे महिन्यातच बघायचा असतो, कारण तेव्हा पाणवठे आटतात आणि उरलेल्या पाण्यावर वाघ येतो. गाडीच्या मागच्या सीटवर त्याने एक चौकोनी डबा पट्ट्याने बांधून आणला होता. लहान मुलाला बांधावं तसा. ‘मामा, गाडीतला फ्रिज!’ तो म्हणाला. बारा व्होल्टवर चालतो, सिगारेट लायटरच्या भोकात वायर खुपसली की झालं. डब्यात कॉम्प्रेसर नव्हता. होती पेल्तिए या फ्रेंच माणसाने १८३४ साली दाखवलेल्या एका चमत्काराची चकती. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज सोडली की एक बाजू गार होते आणि दुसरी तापते. त्याला ना हलणारा भाग, ना गॅस, फक्त मागे एक छोटा पंखा. आवाजही नाही. अशी सोय मला नेहमीच संशयास्पद वाटते.

असल्या डब्याची खुबी अशी की तो बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंश खाली जाऊ शकतो, त्याच्यापुढे त्याला जाता येत नाही. पुण्यात २८ असताना त्यातली सोडा-बाटली दवाने डवरून येते. ताडोब्याच्या मोहर्ली गेटबाहेर ४५ असताना तीच बाटली २५-२७ वर येऊन थांबते. म्हणजे काकूंच्या माठाशी बरोबरी, फार तर उणे दोन. आणि एवढ्यासाठी तो चाळीस-पन्नास वॉट सतत खातो. दिवसभर चालू ठेवला तर एका युनिटाच्या आसपास, घरच्या १९० लिटरच्या फ्रिजच्या दुप्पट. आठ लिटरच्या डब्यात सहा बाटल्या आणि एक केळं. केळं काळं पडलं होतं.

याच चकतीवर आपल्याकडे एक गोड प्रयोगही होऊन गेला. गोदरेजने, ज्यांनी १९५८ मध्ये भारतीय फ्रिज बनवायला सुरुवात केली त्यांनीच, २०१०च्या सुमाराला ‘छोटूकूल’ नावाचा एक डबा आणला होता. ज्यांच्या घरी फ्रिज नाही आणि वीजही भरवशाची नाही अशा खेड्यातल्या माणसासाठी. दार वर, कारण गार हवा जड असते, पुढचं दार उघडलं की ती पायांवर सांडून जाते, वरचं झाकण उघडलं तर आतच बसून राहते. कॉम्प्रेसर नाही, इन्व्हर्टरवर चालेल, एकट्या माणसाला उचलता येईल. कल्पना फार मायाळू होती. पण खेड्यातल्या माणसाला, असं मला वाटतं, अर्धा फ्रिज नको असतो. त्याला पुरता फ्रिज हवा असतो, आणि तोही बैठकीत, रुमाल घालून. पुढे तसल्या डब्यांना गिऱ्हाईक मिळालं ते मोटारवाल्यांमध्ये.

भाच्याचा एक मित्र दुसऱ्या गाडीतून आला होता आणि त्याच्याकडचा फ्रिज खरा होता, छोट्या कॉम्प्रेसरचा. असला फ्रिज बर्फही करतो, शून्याखाली अठरापर्यंत जातो, आणि चकतीच्या डब्यापेक्षा कितीतरी शहाणपणाने वीज वापरतो, कारण काम झालं की थांबतो. पण थांबण्यासाठी काम संपावं लागतं. ताडोब्यात आपली गाडी गेटवर उभी करून उघड्या जिप्सीतून आत जायचं असतं. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या आत साठ अंश सहज होतात. तिथे तो फ्रिज एकटा, काचा बंद, आपल्या पाठीवरची उष्णता त्याच बंद गाडीत टाकत आणि तीच पुन्हा गोळा करत बसतो. गाडीची बॅटरी पंचेचाळीस अँपिअर-तासांची, म्हणजे जेमतेम अर्धा युनिट, आणि त्यातलीही अर्धीच वापरावी असं म्हणतात. पन्नास वॉटने ती पाच-सहा तासांत निकामी. जिप्सीवाल्याने निघताना सांगून पाहिलं, ‘सर, तो डब्बा बंद करून जा. पाणी काय, गेटवर माठ आहे.’ मित्र नुसता हसला. संध्याकाळी जंगलातून परत आलो तेव्हा बाटल्या छान गार होत्या आणि गाडी चालू होत नव्हती. चार माणसांनी ती ढकलली. ढकलणाऱ्यांनी त्या बाटल्या रिकाम्या केल्या, तेव्हा फ्रिजने आपलं काम चोख केलं असंच म्हणावं लागेल.

तेलिया तलावावर आम्हांला वाघीण दिसली होती. ती पाण्यापाशी आली, वळली, आणि आमच्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी, आधी शेपूट, मग मागचे पाय, अशी हळूहळू पाण्यात उतरत बसली. वाघ पुष्कळदा असाच पाण्यात उतरतो. कुणी म्हणतं डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून, कुणी म्हणतं समोर नजर राहावी म्हणून. मला त्या दिवशी दुसरंच वाटलं. या जंगलात उष्णता पाठीमागून सोडायची असते हे तिला कुणीही न शिकवता कळलं होतं. मानेपर्यंत बुडून ती डोळे मिटून बसली. भाचा फोटो काढायचं विसरला. जिप्सीवालाही काही बोलला नाही.

चंद्रपूरहून मूल ओलांडून पुढे वैनगंगेपार गेलं की १९८२च्या ऑगस्टपर्यंत आमच्याच जिल्ह्यात असलेलं गडचिरोली सुरू होतं. आलापल्लीच्या पुढे सागाची झाडं रस्त्यावर वाकतात आणि गाडीच्या काचेतून येणारं ऊन हिरवं होतं. तिथल्या कितीतरी घरांत फ्रिज नाही आणि त्याची कुणाला खंतही दिसत नाही. पाणी न्यायला वाळवलेल्या भोपळ्याचा तुंबा असतो, आंबील त्यातच राहते. बाकी सगळं टिकवायचं काम ऊनच करतं. मोहफुलं अंगणात पसरलेली, मासळी दोरीवर, पावसाळ्यातले वास्ते म्हणजे बांबूचे कोंब चिरून वाळवलेले, चारं, तेंभरं. जे ऊन पठाणपुऱ्यातल्या फ्रिजला गुडघ्यावर आणतं तेच इथे बिनपगारी शीतगृहाचं काम करतं. नासण्याला पाणी लागतं. ते काढून घेतलं की वस्तू उन्हातही टिकते. आम्ही शहरात उष्णता काढून घ्यायचा आटापिटा करतो, इथले लोक पाणी काढून घेतात. माडिया आदिवासी बाईच्या शिंक्यातली वर्षभराची मोहफुलं पाहिली की मला माझ्या फ्रिजमधली तीन दिवसांची आमटी जरा वरमून आठवते.

मात्र एक वस्तू अशी आहे जी उन्हात वाळवता येत नाही आणि माठात ठेवता येत नाही. ती म्हणजे तान्ह्या मुलाची लस. तिला २ ते ८ अंशांच्या मधलीच जागा लागते. सहा अंशांची ही फट, आणि तिच्या बाहेर या जिल्ह्याचा अख्खा उन्हाळा उभा. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यासाठी वरून उघडणारा एक बुटका फ्रिज असतो. सिस्टर त्याला आयएलआर म्हणतात. त्याच्या भिंतींच्या आत बर्फाचं अस्तर असतं. चोवीस तासांत आठ तास जरी लाइन राहिली तरी ते अस्तर उरलेले सोळा तास थंडावा धरून ठेवतं. या यंत्राने बहुधा आमच्याकडची लाइन पाहूनच जन्म घेतला असावा. पण केंद्रापासून पुढे पाडे आहेत, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच पाण्याखाली जातो. तिथे लस जाते ती खांद्यावरच्या निळ्या डब्यातून, चार बाजूंना चार बर्फाच्या पिशव्या लावून. हाच खरा सुटसुटीत, प्रवासी फ्रिज. याला वीज शून्य, चालवायला फक्त पाय लागतात.

एका उपकेंद्राच्या ओसरीवर सकाळी सिस्टर तो डबा भरत होत्या. गोठलेल्या पिशव्या बाहेर काढून त्यांनी टेबलावर मांडल्या आणि नुसत्याच बसून राहिल्या. मी विचारलं, उशीर होत नाही का? त्या म्हणाल्या, ‘घाम येऊ द्या त्यांना.’ दगडासारखा गोठलेला बर्फ थेट लावला तर कावीळ-ब सारख्या काही लसी गोठून वाया जातात. उन्हाइतकंच जास्तीच्या थंडीलाही जपावं लागतं. थोड्या वेळाने त्यांनी एक पिशवी उचलली, कानाशी धरली आणि हलवली. मग दुसरी. आत पाणी हिंदकळल्याचा आवाज आला की पिशवी तयार. पिंपळाच्या पानांची सळसळ होती, एक कोंबडी पायऱ्यांवर चढत होती, आणि त्या एकेक पिशवी कानाशी लावून ऐकत होत्या, पोटातलं बाळ ऐकावं तशा. लसीच्या बाटलीवर एक वर्तुळ असतं, त्यात एक फिकट चौकोन. बाटलीने वाटेत जितकी उष्णता सोसली असेल तितका तो चौकोन काळा होत जातो, आणि वर्तुळाइतका काळा झाला की ती बाटली टाकायची. निघताना त्यांनी प्रत्येक चौकोन उजेडात धरून पाहिला. सगळे फिकट होते. डब्याचं झाकण लावलं, पट्टा खांद्याला अडकवला, छत्री घेतली आणि त्या आशाताईंबरोबर पायवाटेला लागल्या. त्या डब्याला तारे द्यायचे झाले तर किती द्यावेत हे मला सुचलं नाही.

तेव्हा वाचकहो, मे महिन्यात ताडोब्याला जरूर या. गाडीतला फ्रिज आणायचा तर आणा, पण गेटवर गाडी उभी करताना त्याची वायर काढून ठेवा आणि माठातलं पाणी प्या. तुमच्या घरच्या फ्रिजला मागे जाळी असेल तर तो या आठवड्यात भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, डोक्यावरचा रुमाल काढा आणि जाळीवरची धूळ ओल्या नव्हे, कोरड्या फडक्याने पुसा. आधी प्लग काढायला विसरू नका. कामाला पाच मिनिटं लागतात आणि कोळसा थोडा कमी जळतो, तोही आमच्या गावात.